अल्बर्ट हॉलमधले आमचे एक वर्ष

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



खरे म्हणजे या व्यासपीठावर माझी जागा नाही. माझी जागा स्वयंपाकघराच्या बाजूला, मोदकांच्या मोजदादीत. पण गेले वर्षभर आपल्या मंडळातल्या मुलांना घेऊन दर महिन्याच्या एका रविवारी मी अल्बर्ट हॉलला जात होते. त्याचा हिशेब द्या, असे कार्यकारिणीने सांगितले. पैशाचा हिशेब सोपा आहे. तिकिटे, सिटी बस आणि परतताना कुल्फी. बाकीचा हिशेब तोंडी द्यावा लागेल, म्हणून उभी आहे.

कल्पना माझी नव्हती. मागच्या वर्षी गणपतीत एका लहान मुलीने मला विचारले, "काकू, जयपूरमध्ये आपलं काय आहे?" मी म्हणाले, गणपती आहे की. मोती डुंगरी आहे, गढ गणेश आहे. ती म्हणाली, "ते तर यांचे आहेत. आपला मंडपातला दहा दिवसच असतो." मोदक वळता वळता हात थांबला. आपण कुणी तीन पिढ्या इथे आहोत, कुणी मागच्या बदलीत आलो. घरात मराठी बोलतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारणीबरोबर सिंजाऱ्याची मेंदीही काढून घेतो. पण मुलांना या गावाबद्दल काय सांगतो? हवामहल आणि घेवर. पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायला न्यायचे, आपण मात्र तिकिटाच्या खिडकीशी पिशव्या सांभाळत उभे राहायचे. मी स्वतः तेवीस वर्षांत अल्बर्ट हॉल सहा वेळा पाहिला होता. सहाही वेळा पाहुण्यांबरोबर, आणि दर वेळी पाऊण तासात.

तेव्हा ठरवले, महिन्याला एक फेरी आणि फेरीला एकच वस्तू. एका वस्तूसमोर खाली बसायचे (पहारेकऱ्यांनी आधी आक्षेप घेतला, मग तेच सतरंजीसारखी जागा दाखवू लागले), ती वहीत काढायची, प्रश्न विचारायचे, आणि घरी. बाकीचे पाहायचे नाही. मुलांना हे जड गेले. मोठ्यांना त्याहून जड गेले.

आता ही वास्तू काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ती दिव्यांनी उजळलेली आणि कबुतरांनी वेढलेलीच माहीत आहे. रामनिवास बाग महाराजा सवाई रामसिंहांनी १८६८ च्या सुमारास दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून आखायला घेतली. ६ फेब्रुवारी १८७६ रोजी इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड जयपूरला आले असता त्यांच्या हस्ते या इमारतीची कोनशिला बसली. त्यांच्यावरूनच नाव पडले. पुढे काय करायचे ते मात्र ठरलेले नव्हते. रामसिंहांच्या मनात नगरसभागृह होते. १८८० मध्ये ते गेले. गादीवर माधोसिंह आले, आणि तेव्हा रेसिडेन्सीचे सर्जन असलेले डॉ. थॉमस होल्बाइन हेंडली यांनी इथे संग्रहालय व्हावे असा आग्रह धरला. स्विंटन जेकब यांनी आराखडा केला, त्यांच्याबरोबर मीर तुजुमूल हुसेन होते, आणि १८८७ मध्ये आज दिसते ती इमारत संग्रहालय म्हणून खुली झाली.

मधली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इमारत पुरी होण्याआधीच, १८८३ मध्ये, जयपुरात मोठे कलाप्रदर्शन भरले होते. ते भरले नया महालात. तुम्ही-आम्ही जिला जुनी विधानसभा म्हणतो, तीच इमारत. देशभरच्या कारागिरांचे काम तिथे मांडले. पितळ, मीना, मातीची भांडी, गालिचे, शस्त्रे, कापड. हेंडलींनी त्याचे चार मोठे सचित्र ग्रंथ काढले. त्यातला चौथा सबंध ग्रंथ रज्मनाम्याला, म्हणजे अकबराने करवून घेतलेल्या महाभारताच्या फारसी भाषांतराला दिलेला आहे. त्याची चित्रांकित प्रत जयपूरच्या राजांकडे होती. त्या चित्रांच्या मोठ्या नकला तुम्ही अल्बर्ट हॉलच्या ओवऱ्यांतल्या भिंतींवर आजही पाहू शकता. त्यांच्या जोडीला मिसर, ग्रीस, चीन यांच्या धर्तीची चित्रे. येणाऱ्याने एक पाहून दुसऱ्याशी ताडून पाहावे, हा हेतू. ही चित्रे काढली इथल्याच चित्रकारांनी. आपण त्या ओवरीत बूट-चपलांची जागा शोधत उभे असतो, आणि डोक्यावर अर्जुन उभा असतो.

एक गंमत पाहा. जयपूरच्या संग्रहालयामागे एक डॉक्टर. मुंबईचे भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, त्यामागेही डॉक्टरच. जॉर्ज बर्डवुड डॉक्टर, आणि ज्यांचे नाव त्या संग्रहालयाला १९७५ मध्ये दिले गेले ते आपले भाऊ दाजी लाड तर ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. रोग्याची नाडी पाहणाऱ्या माणसांना गावातल्या सुतार-लोहाराच्या हाताची काळजी का वाटावी? मला वाटते, त्यांना घराघरांत जावे लागे म्हणून. कारागिराचे घर आतून पाहिलेला माणूस वेगळा विचार करतो. हेंडलींचे म्हणणे साधे होते. विलायती स्वस्त मालाच्या रेट्यात इथला कारागीर भलत्याच नकला करू लागला आहे. त्याला त्याच्याच वाडवडिलांचे उत्तम काम रोज डोळ्यांसमोर दिसले पाहिजे. आणि ज्याला वाचता येत नाही अशा खेडुतालाही इथे येऊन चार गोष्टी कळल्या पाहिजेत.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८७ मध्ये जयपूरला आला होता. त्याने आपल्या प्रवासपत्रांत या संग्रहालयाची तोंडभरून स्तुती केली आहे. किपलिंगचे राजकारण आपल्याला पटो न पटो, त्याचे वडील लाहोरच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. त्याला त्यातले कळत होते.

नंतर सहाच वर्षांत, १८९३ मध्ये, लोकमान्यांनी गणेशोत्सव चौकात आणला. तिकडे आरती-मेळे-व्याख्याने, इकडे काचेची कपाटे. पण ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याच्यापर्यंत पोचायचे ही धडपड दोन्हीकडे होती. माझा विषय या मांडवात अगदीच परका नाही, हे सांगायला ही जोडणी केली. असो.

पहिल्या फेरीला मी ममी निवडली. चूक झाली. मिसरमधल्या अखमीम गावची ही बाई, नाव तुतू, टॉलेमी राजांच्या काळातली, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. मुलांनी "ममी" आणि "मामी" यावर जे विनोद सुरू केले ते परतीच्या बसमध्येही थांबेनात. माझ्या एका मामेभावाची बायको बरोबर आली होती, ती बिचारी गोरीमोरी झाली. शिकणे काही झाले नाही. पण पुढे याच ममीने आम्हाला चांगलेच कामाला लावले. ते नंतर सांगते.

दुसऱ्या फेरीला मातीची चित्रे पाहिली. वीत-दीड वीत उंचीची माणसे. कुंभार, रंगारी, साधू, आसने घालून बसलेले योगी. मुले त्यांच्यासमोर गप्प झाली, कारण ही माणसे त्यांच्या उंचीला होती. भायखळ्याच्या संग्रहालयातही अशीच छोटी माणसे आहेत, वेगवेगळ्या जातीजमातींची आणि धंद्यांची. आमच्यातल्या एका मुलाने ती सुट्टीत पाहिली होती. तो म्हणाला, "तिथल्या माणसांच्या पगड्या वेगळ्या आहेत." बस. तिथून दोन तास पगड्यांवर गेले. पुणेरी पगडी, जयपुरी साफा, मारवाडी पेच, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या आजोबांच्या डोक्यावर काय होते ते घरी विचारून यायचे. सातजणांना उत्तर मिळाले "गांधी टोपी", दोघांना "काही नाही, टक्कल".

पण मला आज दोन फेऱ्यांबद्दलच नीट बोलायचे आहे.

पहिली गालिच्याची. अल्बर्ट हॉलमध्ये एक इराणी गालिचा आहे. बागेचा गालिचा म्हणतात त्याला. बाग वरून पाहिल्यासारखी विणली आहे. मधोमध मंडप, चारी बाजूंना पाण्याचे पाट, पाटांत मासे आणि बदके, काठाने झाडे. त्यावर १६३२ ची नोंद आहे. मुलांना मी म्हटले, १६३२ मध्ये आमेरच्या गादीवर कोण होते ते शोधून काढा. तेव्हा इंटरनेटवाली मंडळी पुढे सरसावली आणि एकजण ओरडला, "मिर्झाराजे जयसिंग!"

मराठी मुलांसमोर हे नाव उच्चारले की काय होते ते तुम्हाला माहीत आहे. एकदम चेहरे बदलले. हाच तो? पुरंदरचा? १६६५ च्या तहात तेवीस किल्ले घेणारा? "म्हणजे हा गालिचा शत्रूचा आहे," एक छोटा म्हणाला आणि चक्क दोन पावले मागे सरकला.

मी काही बोलणार इतक्यात आमच्याबरोबर आलेल्या एका राजस्थानी सहकाऱ्याने, ते इथे समोरच बसले आहेत, मुलांना विचारले, आग्र्यात शिवाजी महाराजांच्या जिवाला धोका होता तेव्हा त्यांची जबाबदारी कुणी घेतली होती? मिर्झाराजांच्याच मुलाने, रामसिंहाने. आणि त्या दिवसांत आग्र्यात काय घडत होते, हे ज्या पत्रांतून आपल्याला आज इतके बारकाईने कळते, ती पत्रे आमेरच्या माणसांनी आमेरला धाडलेली आहेत. जयपूर दरबाराने ती दप्तरात जपली म्हणून तीनशे वर्षांनी छापता आली. जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी ती प्रसिद्ध केली. आणि मिर्झाराजे स्वतः? दक्षिणेतून परतताना १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच त्यांनी देह ठेवला. आमेरला ते पोचलेच नाहीत. आपल्या बागेचा गालिचा त्यांनी परत पाहिला नाही.

मुले पुन्हा पुढे सरकली. त्या दिवशी काढलेली चित्रे पाहण्यासारखी आहेत. मंडपात मागच्या बाजूला लावली आहेत. एका मुलीने पाटातल्या बदकांच्या मध्ये एक छोटी होडी काढली आहे. गालिच्यात होडी नाही. विचारले तर म्हणाली, "मिर्झाराजांना घरी जायला."

हिशेब सरळ मांडायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती मी मुलांना सांगितली. काही पालकांना ते रुचले नाही. त्रिपोलिया बाजारातून वर पाहिले की जो उंच मनोरा दिसतो, इसरलाट, तो सवाई जयसिंहांचा मुलगा ईश्वरीसिंह याने उभारला. भावाभावांच्या गादीच्या भांडणात मराठे सरदार उतरले, खंडणीचे आकडे वाढत गेले, पैसे देता येईनात, आणि मल्हारराव होळकरांची फौज वेशीशी आलेली असताना डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात आलेल्या मराठ्यांवर जयपूरचे लोक उठले. फार माणसे मारली गेली. आपण ज्या परकोट्यात भाजी आणायला जातो, त्याच गल्ल्यांत. एका पालकाने मला विचारले, मुलांना हे कशाला सांगायचे? माझे उत्तर असे, की पुरंदर सांगायचा आणि इसरलाट गाळायची हे चालणार नाही. इथे राहायचे तर दोन्ही ठाऊक हवे. शाळेत कुणी टोमणा मारला तर मुलाला निदान कळेल तरी की हा कशाबद्दल बोलतो आहे.

आणि त्याच श्वासात हेही सांगितले, की ज्या सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे शहर वसवले त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. ब्रह्मपुरीत पुंडरीकजींची हवेली आहे, तिच्यातली भित्तिचित्रे संरक्षित आहेत. जंतरमंतरच्या कामात त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते, तेही मराठीच. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. ज्या मुलीने मला "आपलं काय आहे" विचारले होते, तिला मी म्हटले, हे घे. ती म्हणाली, "पण मग ते भांडायलाही आले आणि शिकवायलाही आले?" हो बाळ, दोन्हीला आले.

दुसरी फेरी धातूंची.

आपल्या मंडळात खानापूर, आटपाडी, विटा भागातले गलाई बांधव आहेत. जौहरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत त्यांची दुकाने. जुने सोने गाळून शुद्ध करून देणे हा व्यवसाय. भारतात क्वचितच एखादे मोठे शहर असेल जिथे सांगली जिल्ह्यातला गलाईवाला नाही. ही मंडळी वर्गणी सर्वांत आधी देतात आणि कार्यक्रमाला सर्वांत शेवटी येतात, कारण दुकान बंद व्हायलाच रात्र होते. त्यांच्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा त्या रविवारी आला. दहावीनंतर शाळा सुटलेली. हातावर तेजाबाचे डाग. आमच्या घोळक्यात मागे उभा होता.

मी शस्त्रांच्या कपाटाशी उभी राहून सांगत होते. आधी वाचून आले होते, तेव्हा आवाजात जरा गुरुजीपणा होता. म्हटले, पाहा, या मुठीवर कसा सोन्याचा मुलामा दिला आहे. मागून आवाज आला, "काकू, ह्यो मुलामा न्हाई."

सगळी मुले वळली. तो लाजला. मी म्हटले, मग काय आहे? तो पुढे आला, काचेला नाक लावून पाहिले आणि म्हणाला, "तार हाय. जिथं झिजलंय तिथं बघा, खाली आडव्या-उभ्या बारीक रेघा हायत. लोखंड आधी खरवडलंय आन् वर तार ठोकलीया. मुलामा असता तर रेघा कशाला मारल्या असत्या?"

बरोबर होते. कोफ्तगिरी म्हणतात त्याला. मी तो शब्द पुस्तकात वाचला होता, अर्थही वाचला होता, आणि समोर पाहून ओळखले नाही. त्याने शब्द कधी ऐकला नव्हता आणि काम पाहताच ओळखले. मग मी बाजूला झाले. पुढचा तासभर तोच बोलला. रामायण-महाभारतातले प्रसंग उठवलेल्या ज्या मोठ्या पितळी ढाली आहेत, हेंडलींनी इथल्याच कारागिरांकडून करवून घेतलेल्या, त्यांच्यापुढे त्याने मुलांना सांगितले की हे मागच्या अंगाने ठोकून उठवले आहे, मग पुढून छिन्नीने रेघा भरल्या आहेत, आणि एवढा पत्रा कुठे फाटू न देता ठोकणे म्हणजे काय असते.

मुलांपैकी एकाने अपेक्षित प्रश्न विचारला. "दादा, हे वितळवलं तर किती येईल?" सगळे हसले. तो हसला नाही. अंदाज करून म्हणाला, तलवारीच्या मुठीतून फार तर गुंजभर सोने निघेल. मग थोडा थांबून म्हणाला, "आमच्याकडं रोज येतं असलं. जुनं. कोणाच्या आज्जीचं, पणजीचं. नक्षी असती, मीना असतो. आम्ही बघत न्हाई. बघितलं तर मुशीत टाकवत न्हाई."

मंडळी, त्या वाक्यानंतर मला ते सबंध संग्रहालय निराळे दिसू लागले. आतापर्यंत मी समजत होते की संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची जागा. पण जुन्या वस्तूंची खरी जागा मूस आहे. खऱ्या जरीची लुगडी जाळून चांदी काढतात. पितळी भांडी मोडीत जातात. मोडीच्या भावात नक्षीला किंमत नाही, ती फक्त वजनातून वजा होते. अल्बर्ट हॉलमध्ये जे आहे ते चुकून वाचलेले आहे. कुणीतरी, एखाद्या डॉक्टराने, एखाद्या राजाने, वेळेवर हात धरला म्हणून. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे गोळा करीत गावोगाव हिंडण्यात जन्म घालवला आणि त्या संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. तेही हेच करत होते. मोडीवाल्याच्या आधी पोचत होते.

जयपूरची निळी भांडी घ्या. रामसिंहांनी हुनरी मदरसा काढला, त्यात हे काम शिकवले गेले, संग्रहालयात नमुने मांडले गेले, तरी विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळपास संपली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळाने कृपालसिंह शेखावतांनी ती पुन्हा उभी केली. आज विमानतळावर मिळणारा प्रत्येक निळा मठ त्यामुळे आहे. जुने काम डोळ्यांसमोर असले की कधीतरी कुणाचा तरी हात पुन्हा वळतो. नुसते कपाट पुरत नाही हेही खरे. शेखावत लागतात.

आता ममीकडे परत येते. १४ ऑगस्ट २०२० चा पाऊस इथे बसलेल्या कुणी विसरलेला नसेल. करोनाचे दिवस, सगळे घरात, आणि शहरभर पाणी. अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरले. ममी तिथेच होती. कर्मचाऱ्यांनी पेटीची काच फोडून तिला बाहेर काढले आणि वाचवले. दोन हजार वर्षे वाळवंटात टिकलेले शरीर जयपूरच्या एका पावसात जाणार होते. ममी वाचली, पण तळघरातली कागदपत्रे, फायली भिजल्या. नंतर ते ओले कागद वाळत घातलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती.

मुलांनी मला त्यावर विचारले, "काकू, आपल्या मंडळाचे जुने कागद कुठे आहेत?"

कार्यकारिणीची परवानगी घेऊन सांगते. आम्ही शोधले. आपल्या जुन्या स्मरणिका, वर्गणीची पुस्तके, पहिल्या उत्सवाचे फोटो एका घरच्या माळ्यावर ट्रंकेत होते. वाळवीने ट्रंकेचा तळ खाल्ला होता. वरच्या नऊ स्मरणिका हाताला लागल्या, खालच्यांचा भुगा निघाला. कुणाची चूक म्हणून सांगत नाही. ट्रंक ठेवून घेणारे ते एकच घर होते, बाकीच्यांनी तर "जागा नाही" म्हणून हात वर केले होते. माझ्यासकट.

तेव्हा ठरले की या वर्षी उत्सवात मुलांनी छोटे प्रदर्शन मांडायचे. प्रत्येक घरातून एक वस्तू. वस्तूखाली चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी खोटी नको. काय आहे, कशाचे आहे, कुणाचे, कुठून आले, केव्हा आले, आणि माहीत नसेल तर तसे लिहायचे. हे आम्ही अल्बर्ट हॉलच्या कपाटांकडून शिकलो. ती तीन टेबले तुम्ही येताना पाहिली असतील. पुरणयंत्र आहे, पत्र्याची बदलीची पेटी आहे, पंढरपूरची एक चिपळी आहे, सोने तोलायचा काटा आहे.

त्यात एक पितळी सतेले आहे. ते एका आजींचे. आजी सर्वांना सांगत आल्या होत्या की हे सतेले त्यांच्या सासूबाईंनी सांगलीहून डोक्यावरून आणले. नातवाने तशी चिठ्ठी लिहिली. मग त्याच आमच्या गलाईवाल्या मुलाने ते चिंचेने घासले आणि उलटे केले. आपल्याकडे भांड्यावर नाव ठोकण्याची रीत आहे. तळाशी ठोकलेले होते, "जयपूर, १९६१", आणि पुढे एक नाव.

आजी रागावल्या. सतेले परत द्या म्हणाल्या. दोन दिवस मांडवाकडे फिरकल्या नाहीत. नातवाला वाटले आपण फार मोठा अपराध केला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या, खुर्ची ओढून टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, ते नाव माझ्या थोरल्या मुलाचे आहे. तो इथेच झाला, इथेच गेला, आठ महिन्यांचा होऊन. त्याच्या बारशाला सतेले घेतले होते, त्रिपोलियातून. नंतर मला ते बघवेना. सासूबाई म्हणाल्या, आपण हे सांगलीहून आणले असे म्हणू या. मग तेच खरे झाले.

चिठ्ठी बदलली आहे. नवी चिठ्ठी आजींनी सांगितली तशी नातवाने लिहिली. तिच्यात नाव नाही, कारण आजी नको म्हणाल्या. "पितळ. जयपूर, १९६१. बारशासाठी." एवढेच आहे. ज्या छोट्या मुलीने "जयपूरमध्ये आपलं काय आहे" असे विचारले होते, ती या टेबलावर स्वयंसेवक आहे. काल पाहुण्यांना ती हीच वस्तू आधी दाखवत होती.

आता पुढचे. टेबले अनंत चतुर्दशीपर्यंत राहतील. वस्तू उचलून पाहू नका, मुले ओरडतील. मिळालेल्या नऊ स्मरणिकांच्या प्रती काढून दोन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत. तुमच्याकडे आणखी कुठली असेल तर द्या, पाने कमी असली तरी चालेल. ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत त्यांनी मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा, आज लिहा, कारण ज्यांना ओळखता येते ती माणसे अजून आहेत.

२७ सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन आहे. त्या दिवशी राज्याच्या संग्रहालयांत प्रवेश मोफत ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे गर्दी असेल. आम्ही सकाळी नऊ वाजता दारातच जमणार आहोत. पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. पेन नको. या वेळी मोठ्यांनाही वही आणावी लागेल, फक्त मुलांच्या पिशव्या सांभाळायला आलेल्यांना आत घेणार नाही. आमच्या राजस्थानी मित्रांनी आपापल्या घरातले एक मूल बरोबर आणावे अशी विनंती आहे.

धातूंच्या कपाटांपाशी मी बोलणार नाही. ते काम आमच्या त्या मुलाकडे दिले आहे. तो म्हणाला, दुकानातून सुटी मिळाली तर येतो. त्याचे मालक आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आत्ता मान हलवली, ती मी होकार म्हणून धरते.

गणपती बाप्पा मोरया!